पाच खुंट्या

"पोरी, ह्यो मानूस उघडला की पडतोयच. आता काय म्हनावं ह्येला?"

शकूमावशींनी फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर पिठाचा थर होता, तो मी ओढणीने पुसला. खरंच की. आमचा राघू कड्यावरून खाली चालला होता. तो तळाला आपटला, खेळ संपला, पुन्हा सुरू झाला, आणि सुरू झाला तोच मुळी हवेत. परत आपटला. परत हवेत.

"मावशी, तुम्ही शेवटची खुंटी कधी ठोकली?"

"पडाय लागला तवा. म्हटलं, कायतरी धरून ठिवावं."

केतकी खुर्चीत रेलून पोट धरून हसायला लागली. मला हसू आलं नाही, कारण काय झालं ते मला कळलं होतं आणि त्यात चूक माझी होती.

राघू हा मध काढणारा. कड्याच्या माथ्याशी आग्या मोहोळ, आणि राघूने तळापासून चढत तिथवर जायचं. कमरेला खुंट्या लावलेल्या. कपारीत खुंटी ठोकली की तिथवरचा खेळ फोनमध्ये जपला जायचा. पुढे कुठेही हात सुटला तरी राघू तळाला न जाता त्या खुंटीपाशी परत उभा राहायचा. खुंट्या मात्र मोजक्या. त्या कुठे ठोकायच्या आणि कुठे जीव मुठीत धरून तशाच पुढे जायचं, हाच सगळा खेळ. मावशींनी शेवटची खुंटी घसरताना ठोकली होती, आणि पाय टेकलेले नसतील तर खुंटी ठोकू देऊ नये ही अट प्रोग्राममध्ये घालायची मी विसरले होते. त्यामुळे फोनने इमानेइतबारे त्यांचं पडणंच जपून ठेवलं होतं.

"राहू दे तसंच," केतकी म्हणाली. "घाबरून ठोकली ना? मग भोगू दे."

"चूक माझी आहे गं. त्यांनी का भोगायचं?"

"तू म्हणजे पहिलीच्या वर्गावरची बाई आहेस, उज्ज्वला. सगळ्यांना पास करायची घाई."

मावशींना आमच्या वादाशी काही देणंघेणं नव्हतं. खाली कुणीतरी गव्हाचा डबा आपटून हाका मारत होतं. "दुरुस्त करून ठिवा, सांजच्याला परत बघती," म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. थोड्या वेळाने गिरणी सुरू झाली आणि आमचं टेबल नेहमीसारखं थरथरायला लागलं.

साताऱ्यात शकूमावशींच्या पिठाच्या गिरणीवरची ती खोली आम्ही भाड्याने घेतली होती. दळण होईपर्यंत ताटकळणाऱ्या बायकांच्या हातात फोन द्यायचा आणि त्या कुठे पडतात, कुठे चिडतात, कुठे पुन्हा हट्टाने वर चढतात ते बाजूला उभं राहून बघायचं, अशी आमची चाचणी चालायची. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी माणसं असतात म्हणे. आमच्याकडे ज्वारी-बाजरीवाल्या होत्या. केतकी चित्रं काढायची आणि खेळ कसा असावा ते ठरवायची. प्रोग्राम सगळा माझा.

त्याआधी आम्ही दोघी तंत्रनिकेतनात संगणक शिकवत होतो. केतकी लिमये लागली ती थेट कायम जागेवर. मी तिथे कितीतरी वर्षं तासिका तत्त्वावर काढली. तासिका तत्त्व म्हणजे काय, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं. शिकवाल तेवढ्या तासांचे पैसे, उन्हाळ्यात शुकशुकाट, आणि जूनमध्ये परत बोलावतील की नाही ते विभागप्रमुखांच्या मर्जीवर. सगळे 'मॅडम' म्हणतात, पण कपाटाची किल्ली देत नाहीत. अखेर मी कायम झाले त्या दिवशी माझ्या आईने गल्लीत पेढे वाटले होते. वडील केव्हाच गेलेले. आमचं दोघींचं घर त्या नोकरीवर उभं होतं.

ती नोकरी मी सोडली. मला कुणी फूस लावली असं म्हणणार नाही, मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. राघूचा खेळ आम्ही आधी सुट्ट्यांमध्ये करत होतो. तो बरा होत चालला होता, आणि बरा होत चाललेल्या कामाची एक नशा असते. एकदा स्टाफरूममध्ये केतकी म्हणाली, "सुट्टीत केलेलं काम सुट्टीतलंच राहतं. करायचं तर सगळं सोडून करू. तू तयार आहेस?" मी चार दिवस जेवले नाही नीट, आणि मग हो म्हणाले. एकाच आठवड्यात दोघींनी प्राचार्यांकडे आपापले कागद दिले. विभागाने दोघींना मिळून निरोप दिला. मला शाल आणि नारळ मिळाला, केतकीला फुलांचा गुच्छ. माझी वर्षं जास्त म्हणून मान जास्त, असं मी धरून चालले आणि थोडी सुखावलेही.

आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मग एके दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "जूनपतूर काय ती तुजी हौस कर. जून उजाडला की लोक इचारत्यात, पोरगी घरी कशापायी बसलीया."

जून. माझ्या डोक्यावर तोच एक महिना टांगलेला होता. नव्या जागा भरणं सरकारने बंद ठेवलं होतं, त्यामुळे सोडलेली खुर्ची परत मिळायची नव्हती. शिल्लक जूनपर्यंत पुरली असती. तोवर खेळ कुणी विकत घेतला तर तरलो, नाहीतर तेलही गेलं आणि तूपही गेलं. हे मी केतकीला बोलून दाखवत नसे. तिलाही तेच आहे, मग रडगाणं काय गायचं, असं वाटायचं.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून व्हायचं. खुंट्या किती?

केतकी म्हणायची पाच. अख्ख्या कड्याला पाच. मी म्हणायचे, निदान नऊ तरी दे. लोखंडाच्या त्या एवढ्याशा चित्रांवरून आम्ही तावातावाने बोलायचो, आणि खालून मावशी ओरडायच्या, "आगं, गिरनीचा आवाज काय कमी हाय व्हय?"

"तुला कळत कसं नाही?" केतकी म्हणायची. "चौथ्या खुंटीनंतर बायकांचे चेहरे बघ. श्वास धरतात. हाच फोन, हीच चित्रं, पण श्वास धरतात. का? पडलं तर खूप जाणार आहे म्हणून. नऊ दिल्यास तर जाणारच काही नाही. मग कडा तितकाच उंच राहतो, पण कुणाला उंच वाटत नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. खेळ अवघड कशाने होतो, तर कड्याने नाही, पडल्यावर किती मागे जावं लागतं त्याने होतो. हे मी तिच्याकडूनच शिकले, आणि आजही मुलांना तसंच शिकवते.

"आमच्या घरी मी सातवीत असताना कॉम्प्युटर आला," ती एकदा सांगत होती. "त्या खेळांत कुठेही थांबून सेव्ह करता यायचं. मी प्रत्येक दारापाशी करायचे. एका दारातून जायचं, काय होतं ते बघायचं, परत यायचं, दुसऱ्या दारातून जायचं. दोन्हीकडचं सगळं बघायचे. आणि आज विचारशील तर मला त्यातला एक खेळ आठवत नाही. कशाचंच काही वाटलं नाही ना."

"आमच्या शेजारी टीव्हीवरचा गेम होता," मी म्हटलं. "कॅसेट घालायचा. त्यात काही जपून ठेवायची सोयच नव्हती. मेलं की पहिल्यापासून. एकदा मी शेवटच्या राक्षसापर्यंत पोचले, तर शेजारच्या काकूंनी मालिका लावायला बटण बंद केलं. मला अजून आठवतं."

"बघ. आठवतं ना?"

"आठवतं. पण मी परत कधी त्यांच्याकडे गेले नाही."

ती हसली आणि पाचच ठेवल्या. खेळ कसा असावा ते तिने ठरवायचं, असं आमचं ठरलेलंच होतं. मात्र विकायचा झाला तर दोघींचा होकार हवा. हेही ठरलेलं होतं, आणि ते तिनेच सुचवलं होतं. तेव्हा मला त्यात तिचा मोठेपणा दिसला.

एप्रिलमध्ये पुण्याच्या एका कंपनीचा फोन आला. त्यांनी खेळ बघितला होता, भेटायला बोलावलं होतं. केतकीच्या गाडीतून आम्ही गेलो. आईने निघताना हातावर दही ठेवलं. आठवडाभर बोलली नव्हती तिने दही ठेवलं, यावरून तिलाही जूनची किती धास्ती होती ते समजावं.

टिपणीस नावाचे गृहस्थ होते. चाळिशीचे, सौम्य, बोलताना समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारे. मला ते पहिल्या पाच मिनिटांत आवडले.

"तुमचा खेळ माझ्या बायकोने घेतला आणि दोन दिवस फोन परत दिला नाही," ते म्हणाले.

"मग?" केतकीने विचारलं.

"मग तिसऱ्या दिवशी फोन पलंगावर फेकला आणि खेळ काढून टाकला. तिसरी खुंटी ठोकायच्या आधी पडली ती थेट दुसरीपाशी. म्हणाली, अर्धा तास कढी ढवळत एका हाताने चढले होते, गेलं सगळं."

मी हसले. केतकीने विचारलं, "पण दोन दिवस दिला नाही ना?"

"ते आहेच. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. चित्रं सुरेख, चढणं सुरेख, मधाची कल्पना तर फारच छान. आम्हाला घ्यायचाय. एकच करा. पाचाच्या बारा खुंट्या करा. किंवा खुंट्या ठेवा शोभेला, आणि कपार ओलांडली की खेळ आपोआप जपला जाऊ दे. लोक बसमध्ये खेळणार, मॅडम. स्टॉप आला की फोन खिशात. परत काढला की होते तिथेच सापडायला हवेत."

"मग तो कडा राहणार नाही," केतकी म्हणाली. "जिना होईल."

"जिना लोकांना आवडतो."

"दोन प्रकार ठेवले तर?" मी मध्ये पडले. "सोपा बारा खुंट्यांचा, अवघड पाचांचा. ज्याला जो हवा तो घेईल. करायला वेळ लागणार नाही, एका दिवसाचं काम."

टिपणीसांनी मान डोलावली. "चालेल की. उत्तम."

"सोपा समोर ठेवला की अवघडाकडे कोण बघतं?" केतकी म्हणाली. "जेवणात लाडू आणि कारलं दोन्ही वाढून, ज्याला हवं ते घ्या म्हणण्यासारखं आहे. नाही टिपणीस, पाच म्हणजे पाच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघितलं. "घाई नाही," ते म्हणाले. "सोमवारपर्यंत कळवा. तुम्हा दोघींचं मिळून काय ते. हो म्हणालात तर मे महिन्यात सगळं पुरं करू." त्यांनी जो आकडा सांगितला त्यात आम्हा दोघींची दोन-तीन वर्षं निघाली असती. मला तर तो ऐकताना आईचा चेहरा दिसला.

परतताना गाडी केतकीच चालवत होती. शिरवळला तिने गाडी चहासाठी थांबवली. पुढे घाट होता, आणि घाटात ती भांडत नसे.

"तू त्यांच्यासमोर 'एका दिवसाचं काम' म्हणालीस," ती बाकावर बसत म्हणाली.

"आहेच ते."

"मला एकटं पाडलंस."

"केतकी, हो म्हणू या ना. हा एक खेळ त्यांच्या मनासारखा होऊ दे. पुढचा तुझ्या मनासारखा करू. पोटाला मिळालं तर पुढचा होईल."

"एकदा बाराला हो म्हटलं की मग कायमचं बारालाच हो म्हणायचं."

"मला जूनची भीती वाटते."

"वाटू दे की. भीती नसेल तर..."

"मी खेळाचं बोलत नाही."

ती थबकली. मग माझ्या हातावर हात ठेवला, फार प्रेमाने. ते मी नाकारणार नाही, प्रेम होतंच. "अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? वाईटात वाईट काय होईल? टिपणीस नाही तर दुसरा कुणी. आणि कुणीच नाही घेतला तर आहेच आपलं जूनमध्ये कॉलेज."

मला आधी ते नीट कळलंच नाही. "कॉलेज कसं?"

"कसं म्हणजे? रुजू व्हायचं."

"राजीनामा दिलेला माणूस रुजू कसा होतो?"

तिने ग्लास खाली ठेवला. "तू राजीनामा दिलास?"

"तू नाही दिलास?"

"मी रजा टाकली. असाधारण रजा, वर्षाची, बिनपगारी. मिळते अगं. जागा आपलीच राहते. मला वाटलं तूही तेच केलंस."

"आपण सोडायचं ठरवलं होतं."

"मग सोडलंच ना? रोज त्या गिरणीवर तुझ्याबरोबर कोण बसतं?" तिच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं. "पण राजीनामा देऊन कोण सोडतं गं? असं कुणी खरंच करतं का?"

शेजारच्या बाकावर एक कुटुंब भजी खात होतं. त्यातल्या बाईने आमच्याकडे वळून बघितलं, म्हणजे माझा आवाज चढला असणार. मी काय विचारलं ते मला आठवतं. मी विचारलं, "आणि निरोप समारंभ? गुच्छ घेतलास, भाषण केलंस. 'आम्ही निघालो' म्हणालीस."

"त्यांनी केला समारंभ. मी मागितला होता का?" ती म्हणाली, आणि मग रागाच्या भरात पुढचं वाक्य तिच्या तोंडून गेलं. "आणि शाल-नारळ तुला एकटीला का, मला का नाही, हे तुला कधी खटकलं नाही?"

चहा पिणारी माणसं, मागचा हायवे, सगळं आपापल्या जागी होतं.

"म्हणजे तुला त्या दिवशीच कळलं होतं," मी म्हटलं.

तिने खाली ठेवलेला ग्लास परत उचलला.

"आत्ता 'तू राजीनामा दिलास?' म्हणून विचारलंस ते कशाला?"

"उज्ज्वला, ऐक. हो, मला शाल बघून शंका आली. पण तेव्हा तुझा राजीनामा मंजूर झालेला होता. बोलून काय उपयोग झाला असता? नुसती घाबरली असतीस. घाबरलेल्या माणसाच्या हातून काम होत नाही."

लोक घाबरल्याशिवाय खेळ होत नाही म्हणणारी तीच, आणि हे सांगणारीही तीच. आणि मी वेडी वर्षभर समजत होते की आम्ही एकाच दोराला लटकलोय. म्हणून तर जूनबद्दल कधी तक्रार केली नाही, भांडून का होईना पाचाला पाच म्हणत राहिले. तिची हिंमत बघून मला माझी लाज वाटायची. दोन्ही डगरींवर हात ठेवून पोहणाऱ्याची हिंमत होती ती. मला राग आला तो तिने रजा टाकली याचा नव्हता. शहाणपणाच होता तो, मला सुचला असता तर मीही केला असता. पण आमच्या घरात अशी रजा कुणाला ठाऊक असणार? कागदावर 'सोडते' लिहायचं तर सोडायचं, एवढंच आम्हाला माहीत.

"बरं," मी म्हटलं. "झालं ते झालं. मग सोमवारी हो म्हण. तुझं काहीच जात नाही. माझ्यासाठी म्हण."

"तेवढं सोडून काहीही माग."

"दुसरं काय मागू? तुझ्याकडे माझ्या उपयोगाचं तेवढंच आहे."

"तू समजून घे ना. माझं आयुष्यभराचं काम आहे ते. बारा खुंट्यांचा तो खेळ माझ्या नावाने दुकानात लागला तर मला तोंड दाखवायला लाज वाटेल."

"मला नाही वाटणार."

"मला वाटेल," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. मी तेव्हा रडले नाही, ती रडली. चहाचे पैसे तिनेच दिले आणि आम्ही घाट चढून घरी आलो. वाटेत तिने एसी वाढवू का विचारलं, मी नको म्हटलं.

आईने दारातच विचारलं, "घेतला का गं?"

"सोमवारी कळंल," मी म्हटलं. मी आईशी गावाकडचं बोलते ते फार आनंदात असले की, नाहीतर फार खचले की. तिने ओळखलं. पाणी आणून दिलं.

सोमवारी मी गिरणीवर वेळेत गेले. मनात होतं, दोन दिवसांत ती विरघळली असेल. माणूस झोपेतून उठला की पुष्कळदा मवाळ झालेला असतो. तिने माझ्यासमोरच टिपणीसांना फोन लावला. "आम्ही विचार केला," ती म्हणाली. "आम्हा दोघींचा नकार आहे. हो, दोघींचा. खेळ आहे तसाच राहील." खाली कुणाचं तरी मिरचीचं दळण चाललं होतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, आणि फोन ठेवून ती म्हणाली, "खिडकी लाव गं, फार तिखट येतंय."

जूनमध्ये ती कॉलेजात रुजू झाली. पुढे कुणी तो खेळ घ्यायला आलंच नाही. मी खोली आवरली, मावशींना किल्ली दिली. मावशी म्हणाल्या, "त्यो राघू माझ्या फोनात ऱ्हाऊ दे. अजून वर गेला न्हाई." मी राहू दिला. त्यानंतरची वर्षं मी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, एका दुकानात बिलं छापण्याचे प्रोग्राम लिहिले, लग्नाचं एक स्थळ आलं ते नोकरी नाही म्हणून गेलं. आईने गल्लीत बाहेर बसणं सोडलं.

केतकीने मग तो खेळ इंटरनेटवर फुकट ठेवून दिला, पाच खुंट्यांचा, जसा होता तसा. खेळ चांगलाच होता. हळूहळू लोकांना कळला. परदेशात कुठेसा त्याला मान मिळाला, वर्तमानपत्रात केतकीचा फोटो आला. त्यात माझं नाव होतं, तिच्या नावानंतर. तिने फसवलं असं कुणी म्हणू शकणार नाही. यथावकाश ती विभागप्रमुख झाली. एके दिवशी तिचा फोन आला, "ये ना आमच्याकडे. कायम जागा नाहीत गं, पण तासिकेवर घेता येईल. मी शब्द टाकलाय तुझ्यासाठी." मी गेले. नाकाने कांदे सोलायची माझी ऐपत नव्हती. आता दर जूनला ती मला बोलावते. आजवर एकदाही विसरली नाही.

गेल्या एप्रिलमध्ये मुलांनी सभागृहात तिचं भाषण ठेवलं, खेळ कसा घडला यावर. मी मागच्या ओळीत बसले होते. ती छान बोलली. खेळात पूर्वी काहीच जपून ठेवता येत नसे, मग ठरावीक जागी येऊ लागलं, मग हवं तिथे, आणि तसतशी भीती कशी पातळ होत गेली, हे तिने मुलांना फळ्यावर चित्रं काढून दाखवलं. पोरं श्वास धरून ऐकत होती. शेवटी एक मुलगी उठली.

"मॅडम, तुम्ही दोघींनी कायमची नोकरी सोडलीत त्यासाठी. भीती नाही वाटली?"

"वाटली ना," केतकी म्हणाली. "खूप वाटली. पण परतीची वाट नसली की माणूस नीट चढतो." मग तिने मागे माझ्याकडे हात केला. "शेवाळे मॅडमना विचारा. त्या होत्या माझ्याबरोबर."

सगळं सभागृह वळून माझ्याकडे बघायला लागलं. केतकीही बघत होती, हसत, अगदी मनापासून. मला खात्री आहे, तिला आता ते सगळं तसंच आठवतं.

मी उभी राहिले. एप्रिल संपत आला होता, आणि जूनचे तास कुणाला द्यायचे ते तिने अजून ठरवलं नव्हतं.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "मॅडम म्हणतात तसंच झालं."